हळदीच्या कोपऱ्याचं कार्ड

आमच्या घरात वाचता येणारी मी एकटी. घरात कशाला, कोपरीतल्या आमच्या अख्ख्या आळीत बायकांमध्ये मी एकटी, आणि पुरुषांत जे दोघे होते त्यांतला एक अक्षराला अक्षर लावता लावता संध्याकाळ करायचा. त्यामुळे पोस्टमन येऊन गेला की बायका कार्ड घेऊन आमच्या ओटीवर हजर. लोकांची बाळंतपणं, भांडणं, आजारपणं, सगळं मी दहा-अकरा वर्षांची असल्यापासून वाचून दाखवत आलेले. मला त्याचा माज होता. खोटं कशाला बोलू, चांगलाच माज होता.

बाबा मिठागरावर राबायचे. पहाटे जायचे ते उन्हं कलल्यावर यायचे, आणि आल्यावर ओटीवर बसून आधी पाय धुवायचे, कारण मिठानं टाचा फाटलेल्या असायच्या. मग विचारायचे, "कागद आलाय का?" कागद म्हणजे कुठलंही पत्र. आलं असेल तर मी वाचायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. मी जे वाचीन ते त्यांच्यासाठी छापील. असा बाप मला मिळाला आणि त्याला मी काय केलं, ते सांगायला बसलेय. पण त्याआधी बाईंबद्दल सांगायला हवं, कारण ह्यात त्या मध्ये पडल्या, आणि माझ्या मते तेव्हा उगाच पडल्या.

बाई आम्हाला मराठी शिकवायच्या. ठाण्यात, रुळांच्या पलीकडे आमची मुलींची शाळा. बाई रोज डोंबिवलीहून यायच्या. डोंबिवली म्हणजे त्या काळी विहिरी, भातशेती आणि मधूनमधून चाळी. लग्न केलेलं नव्हतं. आई आणि धाकटा भाऊ यांचं घर त्यांच्यावर. आवाज घोगरा, चेहरा करडा, आणि उजव्या हाताचा अंगठा कायम निळसर. त्याचं कारण खळ. शाळेच्या वाचनालयातल्या पुस्तकांना त्या स्वतः खाकी कागदाची कव्हरं घालायच्या, त्यासाठी कणकेची खळ शिजवायच्या आणि कसर लागू नये म्हणून तीत निळा मोरचूद टाकायच्या.

माझ्या नातीच्या शाळेत आता समुपदेशक म्हणून एक मुलगी आहे. तिच्या खोलीला पडदे आहेत, टेबलावर कागदी रुमालांचा डबा आहे. रडायची जय्यत तयारी. आमच्या बाईंकडे तसलं काही नव्हतं, त्या कामाला तेव्हा नावही नव्हतं. पण एखादी मुलगी तीन दिवस गप्प दिसली, की बाई वर्गातून जाता जाता म्हणायच्या, "मधल्या सुट्टीत खळ घेऊन ये." नकाशे ठेवायच्या खोलीत जायचं, बाईंच्या समोर जमिनीवर बसायचं आणि पुस्तकांना कव्हरं घालायची. काय झालं म्हणून त्या कधी विचारायच्या नाहीत. "घडी नीट घाल. कोपरा दाब." एवढंच. पण हात कामात असले की तोंड आपोआप सुटतं. माझ्या वर्गातल्या एकीनं सावत्र आईचं सगळं त्या खोलीत सांगितलं, आणि पुढल्याच आठवड्यात बाई तिच्या घरी जाऊन आल्या. काय बोलल्या देव जाणे, पण त्या मुलीच्या अंगावरचे वळ थांबले. त्यामुळे मुली बाईंना जीव लावायच्या, आणि घाबरायच्याही.

माझं आणि त्यांचं पहिलं वाजलं ते मिठावरून. निबंध होता, विषय आपल्या घरातलं काम. मी लिहिलं की आमच्या मिठागरात शुभ्र मोत्यांच्या राशी चमकतात. बाईंनी त्यावर आडवी रेघ मारली आणि विचारलं, तुझ्या वडिलांचे पाय कसे आहेत ते कुठं आहे ह्यात? मी फणकाऱ्यानं परत लिहिलं, टाचांच्या भेगांसकट. तो निबंध त्यांनी दोनदा वाचला आणि रेघ न मारता वही परत दिली. तेवढ्यावर मी आठवडाभर हवेत होते.

दुसरं वाजलं ते कार्डांवरून. शेजारच्या काकूंच्या भावाचं कार्ड आलेलं, त्यात त्यानं बहिणीला वाटेल ते लिहिलेलं. काकूंना वाईट वाटेल म्हणून मी ते गाळलं आणि मनानं गोड गोड दोन ओळी घातल्या. ही हुशारी मी वर्गात मैत्रिणींना सांगत होते. बाईंनी ऐकलं. त्यांनी मला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "ज्याला वाचता येत नाही तो तुझ्या हातात मान देऊन बसलेला असतो. कार्ड तुझं नाही. जे आहे ते वाचायचं, आणि विसरून जायचं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पटलं नाही. मनात म्हटलं, ह्यांना काय जातंय बोलायला.

मी अकरावीत गेले, म्हणजे शालान्त परीक्षेचं वर्ष, तेव्हा खाडीपलीकडच्या गावातून मला बघायला आले. मुलगा बरा होता, घरची शेती, होडी. मला पसंत केलं. बाबांनी शब्द दिला. मला कुणी विचारलं नाही, आणि तशी पद्धतही नव्हती. मला फक्त परीक्षा द्यायची होती. आळीतल्या कुठल्याही मुलीनं तोवर दिली नव्हती. आमच्या समाजात मुलगी अकरावीपर्यंत पोचली हेच लोकांना खुपत होतं. बाबा म्हणाले, तिकडून कागद येऊ दे, ते काय सांगतात बघू. परीक्षेच्या फॉर्मवर त्यांचा अंगठा हवा होता. तो फॉर्म माझ्या दप्तरात दहा दिवस पडून होता, आणि मी रोज पोस्टमनची वाट बघत होते.

बुधवारी दुपारी कार्ड आलं. आई मागच्या दारी सुकट पाखडत होती. मी ओटीवरच वाचलं. वर श्री, एका कोपऱ्याला हळद लावलेली, आणि त्यांच्या गावच्या मास्तरांच्या ठसठशीत अक्षरात: माघात साखरपुड्यास येतो, फाल्गुनात लग्न उरकून घेऊ, मुलीचं नाव आता शाळेतून काढून टाकावं. परीक्षा फाल्गुनाच्या पुढे. म्हणजे संपलं सगळं.

मी तिथंच उभी राहिले. मग आत जाऊन दप्तरातलं ब्लेड घेतलं आणि हळदीचा कोपरा कापून टाकला. वाचता येत नसलं तरी हळद कुणालाही कळते, एवढं मला कळत होतं. तो कोपरा चुलीच्या तोंडाशी टाकला. तोवर नक्की काय करायचं ते ठरलेलं नव्हतं, पण कोपरा कापला तेव्हाच ठरलं असावं.

संध्याकाळी बाबा आले, पाय धुतले, डोळे मिटले. मी वाचायला सुरुवात केली. आवाज माझाच होता पण कुठून तरी लांबून येत होता. मी वाचलं, की मुलाची आजी वारली. शुक्रवारी गेली. आता वर्षभर आमच्याकडे कार्य होणार नाही, पुढल्या वर्षी बघू. एक जितीजागती म्हातारी मी दोन वाक्यांत मारून टाकली.

आई आतून आली आणि दारात उभी राहिली. मरणाचं कार्ड वाचलं की लगेच फाडायचं, घरात ठेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी त्याच्यावरच भिस्त ठेवलेली. पण आई फाड म्हणाली नाही. नुसती बघत राहिली. मला वाटलं, तिला मरणाचा धक्का बसला. मी आपणहून कार्ड घेऊन मागे गेले, आणि फाडायला हात उठेना. शेवटी ते निबंधाच्या वहीत ठेवलं. का ठेवलं ते मला आजही सांगता येत नाही.

बाबांनी डोळे उघडले. मग म्हणाले, वर्षभर घरात बसून काय करणार, दे परीक्षा. मी फॉर्म आणला, काजळाची डबी आणली, त्यांनी अंगठा उठवला. आणि मग त्यांनी बोटांवर दिवस मोजले. शुक्रवार, शनिवार, रविवार. मला कळेना काय मोजतायत.

"दहावं आयतवारी येतंय," ते म्हणाले. "सोयरीक जुलली म्हंजे जुलली. मौतीला गेलंच पायजे."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बघा, एवढी वाचणारी, आळीभर मिरवणारी, आणि मरणाला माणसं भेटायला जातात हे विसरले. बाबांनी लगेच होडीवाल्याला निरोप धाडला. रविवारी सकाळच्या भरतीला निघायचं. चार माणसं बरोबर घ्यायची. म्हणजे माझा बाप चार माणसं घेऊन, पडलेल्या चेहऱ्यानं, त्या घरी दहाव्याला जाणार, आणि दारात ती म्हातारी बसलेली असणार. त्या अंगणात त्यांची काय शोभा होईल, हे मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. मध्ये तीन दिवस होते.

गुरुवार मी म्हातारीला परत जिवंत कसं करायचं ह्यात घालवला. दुसरं कार्ड लिहून टाकावं, की चुकून कळवलं? मरण चुकून कोण कळवतं? बाबांना ताप यावा असंही मनात आलं. बापाला ताप यावा म्हणून देवाला हात जोडणारी मी. जेवण जाईना. आई ताटाकडे बघायची आणि काही बोलायची नाही.

शुक्रवारी मी फॉर्म बाईंकडे दिला. त्यांच्याकडे न बघता दिला, तिथंच चुकलं. दुसरी कुठली मुलगी असती तर उड्या मारत आली असती. बाईंनी फॉर्म उलटसुलट पाहिला, अंगठा पाहिला, आणि म्हणाल्या, "मधल्या सुट्टीत खळ घेऊन ये."

पहिल्या पुस्तकाचं कव्हर घालेपर्यंत मी दम धरला. दुसऱ्याला कोपरा दाबताना रडू फुटलं आणि सगळं बाहेर पडलं. कार्ड, म्हातारी, अंगठा, होडी. बाईंचे हात थांबले नाहीत. मी वहीतून कार्ड काढून दिलं. त्यांनी ते वाचलं, कापलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं आणि कार्ड मला परत केलं. मग ओल्या फडक्याला हात पुसले.

मला वाटलं, आता ह्या काहीतरी करतील. सावत्र आईवालीला सोडवलं तसं मला सोडवतील. मी म्हटलं, फॉर्म तेवढा पाठवून द्या बाई, पुढचं मी बघते.

"ह्या अंगठ्यावर?" बाई म्हणाल्या. "हा अंगठा त्यांनी एका मेलेल्या बाईमुळे दिलाय. आणि ती बाई मेलेली नाही." मग त्यांनी फॉर्म आपल्या पिशवीत घातला. "सोमवारी दुपारपर्यंत फॉर्म घेतात. तोवर तो माझ्याकडे राहील. तू बाबांना खरं कार्ड वाचून दाखव. त्यांनी त्यानंतर हो म्हटलं तर मी स्वतः नेऊन देईन."

मी म्हटलं, ते हो म्हणणारच नाहीत. त्या म्हणाल्या, न म्हणू देत. मी म्हटलं, ते मला मारतील. त्यावर त्या म्हणाल्या, "मी येईन बरोबर. पण बोलणार नाही."

त्या क्षणी मला त्यांचा असा राग आला, की हातातली खळ त्यांच्या लुगड्यावर ओतावीशी वाटली. फॉर्म त्यांच्या हातात, फक्त पाठवायचा होता. एवढ्या मायाळू म्हणून नावाजलेल्या, आणि माझ्या वेळेलाच ह्यांना खरेपणाची आठवण झाली. मी तसं तोंडावर बोललेसुद्धा. बाईंनी तिसरं पुस्तक पुढे ओढलं आणि मला कात्री मागितली.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. बाई माझ्याबरोबर रूळ ओलांडून कोपरीत आल्या. मी मुद्दाम भराभर चालत होते, त्यांना दम लागावा म्हणून. आळीत बायका ओटीवर येऊन बघायला लागल्या, कारण कुठलीही मास्तरीण तोवर आमच्या आळीत आलेली नव्हती. आईनं गोधडी अंथरली, गुळाचा चहा केला. बाई गोधडीवर बसल्या आणि बाबांची वाट बघत राहिल्या. ओटीच्या कडेला बाबांचं धुतलेलं धोतर आणि शेला घडी करून ठेवलेला होता, उद्याच्यासाठी.

बाबा आले. बाईंना बघून गडबडले, पाय न धुताच उभे राहिले. बाईंनी नमस्कार केला आणि एकच वाक्य बोलल्या, की मुलीला तुम्हाला एक कार्ड परत वाचून दाखवायचंय.

मी वहीतून कार्ड काढलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग कार्डाकडे, जे फाडून टाकलं असं ते समजत होते. ते हळूच खाली बसले. ह्या वेळी डोळे मिटले नाहीत.

मी वाचलं. श्रीपासून वाचलं. माघात साखरपुडा, फाल्गुनात लग्न, शाळेतून नाव काढून टाकावं, घरातल्या सर्वांचा नमस्कार. त्या सर्वांमध्ये आजीचंही नाव लिहिलेलं होतं, तेही वाचलं.

बाबांनी माझ्या हातातून कार्ड घेतलं. मला वाटलं आता थोबाडीत बसणार, मी मानही पुढे केली. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांनी कार्ड बाईंच्या पुढे धरलं.

"बाई, तुमी वाचा," ते म्हणाले. "हिचं कुठलं खरं धराचं, बुधवारचं का आजचं? मना काय कलनार?"

तोवर मी स्वतःसाठी घाबरलेले. त्या वाक्यानंतर मला माझी लाज वाटली. मोठा, उन्हानं रापलेला माणूस, हातात एक कार्ड, आणि त्यात काय आहे ते जगात कुणाला विचारावं हे त्याला कळत नाही.

मला वाटलं, बाई आता वाचतील. वाचायला काय होतं? दोन मिनिटांचं काम. पण त्यांनी हात पुढे केला नाही.

"मी वाचून दाखवीन," त्या म्हणाल्या, "आणि संध्याकाळच्या गाडीनं डोंबिवलीला निघून जाईन. उद्याचं कार्ड कोण वाचणार? तिनं आज वाचलंय ते खरं आहे की नाही, हे तुम्हालाच ठरवावं लागेल."

बाबांचा हात तसाच. कार्ड कुणीच घेईना. आणि मग आत भांड्याचा आवाज झाला, आणि आई बाहेर आली. तिच्या हातात तिची कुंकवाची डबी. तिनं ती उघडली, आतून बोटाच्या पेराएवढा एक तुकडा काढला आणि बाबांच्या हातातल्या कार्डाच्या कापलेल्या कोपऱ्याला लावून धरला. बरोब्बर बसला. हळद अजून पिवळीधमक होती.

"आजचंच खरं हाय," आई म्हणाली. "मौतीच्या कागदाला हलद कोन लावतंय?"

बाबांनी विचारलं, तुला ठाऊक होतं? आईनं मान हलवली. बुधवारी चुलीपाशी सापडला, म्हणाली. बुधवारपासून ती गप्प होती. माझ्या ताटाकडे बघत होती, धोतर धुऊन घडी घालत होती, आणि गप्प होती. का, ते तिनं तेव्हाही सांगितलं नाही आणि पुढे मरेपर्यंत नाही. मी मात्र आयुष्यभर समजत आलेले की आमच्या घरात वाचता येणारी मी एकटी.

बाईंनी पिशवीतून फॉर्म काढला आणि बाबांच्या पुढ्यात ठेवला. ह्यावर तुमचा अंगठा आहे, हवा असेल तर परत घ्या, म्हणाल्या. बाबांनी मला तो फॉर्म वाचायला लावला. सगळा. माझं नाव, त्यांचं नाव, गाव, धंदा, विषय एकामागून एक. प्रत्येक शब्दाला ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मग उठले, पाय धुवायला गेले. फाटलेल्या टाचांवर त्यांनी तांब्यावर तांबे ओतले. पाणी संपलं तेव्हा परत आले.

"आंगठा लावला म्हंजे लावला," ते म्हणाले. "आनि तिकरं शबुद दिला तो पन दिलाच."

त्यांनी मला जबाब लिहायला लावला. साखरपुडा ठरल्याप्रमाणे, लग्न परीक्षा उरकल्यावर वैशाखात. जमत असेल तर कळवावे, नाहीतर राम राम. लिहून झाल्यावर ते कार्ड त्यांनी माझ्या हातून काढून घेतलं आणि बाईंना वाचायला दिलं. ह्या वेळी बाईंनी वाचून दाखवलं. तेवढं माझ्या वर्मी लागलं. बाई फॉर्म पिशवीत घालून निघाल्या तेव्हा मी ओटीच्या पायरीपर्यंतसुद्धा गेले नाही. त्या पायरीशी थांबून म्हणाल्या, सोमवारी निबंधाची वही आण, आणि गेल्या.

रविवारी सकाळी होडीवाला आला तर बाबांनी त्याला परत पाठवलं. काय सांगितलं ते कळलं नाही.

तिकडच्यांनी कुरकुर करून वैशाख मान्य केला. मी परीक्षा दिली. मराठीत चांगले गुण, गणितात जेमतेम, पण पास. आळीत पेढे वाटले ते आईनं, बाबांनी नाही. लग्नाला बाई आल्या, दोनशे पानांची एक कोरी वही देऊन गेल्या, खाकी कव्हर घातलेली. मी त्यांच्या पाया पडले पण मनातून गेला नव्हता राग. सासरी गेले आणि जिला मी मारलेलं त्या आजेसासूचे पाय चेपायला लागले. रोज संध्याकाळी. म्हातारी खमकी, बोलघेवडी, माझ्यावर भारी जीव. म्हणायची, तू आल्यापासून माझं आयुष्य वाढलं गं. मी खाली मान घालून तेल चोळायची. ह्याला म्हणतात करावे तसे भरावे.

पण खरी शिक्षा माहेरी होती. त्या शनिवारनंतर बाबांनी माझ्यापुढे कार्ड धरलं नाही. आलेलं कार्ड सदऱ्याच्या खिशात घालायचे आणि दुसऱ्या दिवशी मिठागरावरच्या कारकुनाकडून वाचून घ्यायचे. मारलं नाही, बोलले नाहीत, टाकून दिलं नाही. "कागद आलाय का" हा प्रश्नच त्या घरातून गेला. लग्नाला तीन वर्षं होत आली तरी माहेरी गेले की मी पोस्टमनच्या वेळेला मागच्या दारी जाऊन बसायची, बघायला लागू नये म्हणून.

त्या सुमारास मी पहिल्या बाळंतपणाला कोपरीत होते. मुलगी झाली होती, अठरा-वीस दिवसांची असेल. बाबा त्या दिवशी जरा लवकर घरी आले. पाय धुतले, ओटीवर बसले, आणि मला हाक मारली. खिशातून कार्ड काढलं. कारकुनाची कचेरी त्यांच्या येण्याच्या वाटेवरच होती, आणि पोस्टमननं कार्ड त्यांना त्या कचेरीच्या दारातच दिलेलं, हे मला नंतर कळलं. ते तिथं न थांबता घरी आले होते.

"वाच," ते म्हणाले, आणि डोळे मिटले.

एवढा आनंद मला परीक्षेच्या निकालालासुद्धा झाला नव्हता. मग मी कार्ड पाहिलं. वर श्री नव्हती. कुठल्याच कोपऱ्याला हळद नव्हती. अक्षर अनोळखी, डोंबिवलीचा शिक्का, आणि खाली बाईंच्या भावाची सही.

आई दारातून बघत होती. तिनं कोपरे पाहिले असणारच. ती म्हणाली, ओल्या बाळंतिणीला कशाला वाचायला लावता, ठेवा ते. माझ्याही जिभेवर दोन ओळी तयार होत्या. बाई बऱ्या आहेत, बाळाला आशीर्वाद कळवलाय. कुणाचंही काही बिघडलं नसतं. उलट मलाच ते ऐकायचं होतं. माझ्या त्यांच्याशी बोलायच्या गोष्टी राहिल्या होत्या, राग गेलाय हे सांगायचं राहिलं होतं, आणि तो गेलाय हे मलाही त्याच क्षणी कळत होतं.

मी वाचलं. जसं होतं तसं. आमची थोरली बहीण, आठ दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन, शुक्रवारी सकाळी. ज्या मुलींना कळवायला सांगितलं होतं त्यांत तुमच्या मुलीचं नाव आहे. मध्ये एकदा आवाज गेला, तो परत येईपर्यंत बाबा थांबले. मी शेवटपर्यंत वाचलं आणि पत्ताही वाचला.

बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं नाही.

"दहावं कंदी येतंय?"

मी बोटांवर मोजलं. "आयतवारी," म्हटलं.

आई म्हणाली, फाडून टाक आता. मी फाडलं. हुंदके देत देत बारीक तुकडे केले आणि आईनं ते उचलून बाहेर नेले. त्यामुळे रविवार उजाडला तेव्हा कुणाला दाखवून खात्री करून घ्यायला ते कार्डही उरलेलं नव्हतं. बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं, खांद्यावर शेला घेतला आणि ते जन्मात पहिल्यांदा डोंबिवलीला गेले. जाताना कारकुनाला विचारलं नाही, पोस्टमनला विचारलं नाही. मी रविवार म्हटलेलं, ते रविवारी गेले.